दोन बोटं जवळ

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी, दरवर्षी,
गुणवंत फुलबांधे सलूनचं शटर अर्धंच ओढतो.
आम्ही वाकून आत जातो.
टीव्ही एक, आरसे तीन;
म्हणजे संगीत पुरस्कारांचा सोहळा चार ठिकाणी चालतो
आणि तीन ठिकाणी सगळे डावरे.

मी खुर्चीत बसत नाही. बाकावर, टीव्हीच्या स्पीकरला लागून.
पंचवीस वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांना साउंड लावतोय,
अशा वेळी माझे डोळे बिनकामाचे.
बाकीच्यांचं निवेदिकेच्या साडीवर चालतं, चालू द्या.
मला ऐकू येतं ते असं :
टाळ्या डब्यातल्या आहेत.
दर अकरा सेकंदांनी तीच एक शिट्टी येते,
डावीकडून, जरा खोकल्यासारखी संपणारी.
कोण असेल तो पोरगा?
एकदाच कधीतरी मनापासून वाजवली असेल त्याने,
तेव्हापासून सगळ्यांसाठी वाजतेय.

मग गाणारा येतो, धुरातून.
उड्या मारतो, पायऱ्या चढतो, कुणालातरी उचलून घेतो
आणि दम लागत नाही.
"पाहा गा," मी म्हणतो, "श्वासच नाही. माइक बंद आहे त्याचा."
"तुमचा तं दरसालचाच रडना आहे, बापू,"
दयाराम नाकाडे म्हणतो.

पण मी रडत नाही. मला आवडतं हे, खरं सांगतो.
वर्षभर वाट पाहतो,
वहीत नामांकनं उतरवतो,
नाकाड्याशी पैज लावतो, एक किलो आलूभजी.
नऊ वर्षांत एकदा जिंकलो,
तेही त्या साली दोघांत वाटून दिला होता.

यंदाचं माझं गाणं तसं साधारण.
चाल कुठेतरी ऐकलेली, शब्द कुठेच न लागणारे.
पण दुसऱ्या कडव्याआधी तेरा सेकंद
ढोलकी येते, आणि तिच्या मागे
कोरसमधली एक बाई "हं" म्हणते.
बस, हं.
माहेरच्यांनी विचारावं 'जेवलीस?'
आणि न जेवता म्हणावं, तसं.
ते तेरा सेकंद मंडईच्या रात्री, दोन अंकांच्या मधे,
मी इतकेदा लावले
की पडदा ओढणारा देवराम उईके म्हणाला,
"समोरचा गाना मेला का गा याचा?"

साडेदहाला पडद्याखालून ओळ धावते :
तांत्रिक विभागाचे पुरस्कार दुपारीच प्रदान करण्यात आले.
ध्वनिमुद्रण, ध्वनिमिश्रण, वाद्यसंयोजन.
नावं एस्टीच्या पाटीसारखी,
वाचेपर्यंत गाडी गेलेली.
वर शाम्पूची जाहिरात.
मी उठून टीव्हीपाशी जातो, नाव गाठायला;
आरशांत ते उलट्या दिशेला पळतं,
हाती एकच अक्षर लागतं : 'कि'.
किसन असेल. किरण असेल.
बाई की बाप्या, तेही कळत नाही.
ढोलकीवाल्यासाठी तर विभागच नाही.
"हं"साठी कसा असणार.

मोठा पुरस्कार भलत्यालाच जातो.
तो आईचं नाव घेतो, देवाचं घेतो,
मॅनेजरचं दोनदा.
नाकाडे हात पुढे करतो, मी भज्यांचे पैसे मोजतो.
गुणवंत टीव्ही बंद करतो
आणि बंद झाल्यावरही एकदा
ती शिट्टी येते, डावीकडून.

परतताना बोडीच्या पाळीवरून आलो.
तणसाच्या ढिगाआड पोरं शेकत बसलेली,
मोबाइलवर तेच, जिंकलेलं.
वाईट नाही, तसं. बास थोडा जास्त.

आज अर्जुनीला प्रयोग.
दुपारीच जाऊन वायरी टाकल्या.
नायिकेला माइक, खलनायकाला माइक, ऑर्गनला एक.
मग खाली बसणारा ढोलकीवाला,
सेवकराम, वय साठ,
पत्रकावर नाव 'व इतर'.
त्याचा स्टँड दोन बोटं जवळ सरकवला.
"कायले?" तो म्हणाला.
"हं," म्हटलं मी.